भोपळ्याला पहिली सुरी

गिरणीत बसलं की पीठ कमी आणि किस्से जास्त जमा होतात, हे मी आमच्या ह्यांना लग्न झाल्यापासून सांगतेय. बाई येते, डबा ठेवते, "वहिनी, जाडसर काढा हं, घाऱ्यांना पायजे" म्हणते आणि नंबर येईपर्यंत समोरच्या पोत्यावर टेकते. टेकली की बोलते. ती बोलली की दुसरी त्यात भर घालते. तेवढ्यात लाइट जाते. आता लाइट गेल्यावर माणसानं काय करायचं? आणखी बोलायचं! संध्याकाळी झाडून काढलं की सांडलेलं पीठ सुपात येतं, पण किस्से माझ्या डोक्यातच राहतात. ते कुठं झाडून टाकायचे?

आमचं वडगाव रासाई भीमेच्या काठावर. अलीकडं आम्ही शिरूरवाले, पलीकडं दौंडवाले. नवरात्र बसलं की कोजागिरीपर्यंत आमच्या आळीला दम नसतो. घट, भोंडला, खंडेनवमी, दसरा, आणि या सगळ्यात मिरवणारा एकच, लाल भोपळा. आमच्याकडं त्याला डांगर म्हणतात. त्याची भाजी होते, भरीत होतं, आणि गूळ घालून घाऱ्या होतात. पूर्वी या दिवसांत आळीतल्या कुठल्याही दारावरनं गेलं तरी घाऱ्या तळल्याचा वास यायचा. आता तीन-चार दारांवरनं येतो. बाकीच्या घरांना कुलपं आहेत, नाहीतर डाएट आहे!

पण आधी एक नियम सांगते. अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाईनं लावायची नाही. घरातल्या थोरल्या पुरुषानं एक चिरा द्यायचा. मग बाईनं त्याच्या हव्या तेवढ्या फोडी कराव्यात, कोणी विचारत नाही.

असं का, हे नवीन लग्न झालेलं तेव्हा मी सासूबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "माझ्या सासूला म्या कवा न्हाई इचारलं. तू लई शिकलेली लागून गेलीस!"

विषय संपला.

* * *

आता नियम करणाऱ्यांना काय माहीत की पुढं रांजणगावला कंपन्या येणार आहेत! सकाळी कंपनीच्या बसा येतात आणि आळीतले पुरुष उचलून नेतात. जे उरतात ते उसात. एका खंडेनवमीला असंच झालं. आम्ही बाया ओट्यावर भोपळे मांडून बसलो, कढया तयार, गूळ चिरलेला, आणि आळीत औषधाला पुरुष नाही.

तेवढ्यात लाइटचं मीटर बघायला एक पोरगा आला. शोभाकाकू म्हणजे माझी शेजारीण, आवाज असा की गिरणी चालू असताना सुद्धा ऐकू येतो. ती हातात सुरी घेऊन उठली आणि ओरडली, "ए भाऊ! हिकडं ये!"

त्यानं वळून बघितलं. पाच-सहा बाया. प्रत्येकीच्या हातात नाहीतर पायाखाली काहीतरी धारेचं. बिचाऱ्यानं मोबाईल खिशात घातला, हात जोडले आणि म्हणाला, "ताई, बिल मी नाही वाढवत! मी फक्त फोटो काढतो!"

त्याला समजावून बसवला. त्यानं सुरी घातली, ती निम्म्यात अडकली. पुढं जाईना, मागं येईना. "आलोच" म्हणून जो गेला तो त्या महिन्यात मीटर बघायला आलाच नाही.

सुरी रुतलेला भोपळा मधे ठेवून आम्ही बसलो असताना शेरडं घेऊन मुलाणीमामा तिथनं चालले होते. इब्राहिम मुलाणी. गावातल्या जत्रेला, नवसाला, बोकडाला पहिली सुरी त्यांचीच, त्यांच्या वडिलांची, त्यांच्याही वडिलांची. मामांनी हात धुतले, खाली बसले, "बिस्मिल्ला" म्हणाले आणि भोपळा असा दोन फाकांत उघडला की बी सुद्धा कापलं गेलं नाही.

शोभाकाकू म्हणाली, "मामा, आता दरसालचं काम तुमचं."

"करू की," मामा म्हणाले. "बोकडापरीस बरं. ह्यो वरडत न्हाई आन् मालकीणबी रडत न्हाई!"

दुसऱ्या वर्षी मामा स्वतःची सुरी घेऊन आले. नवी. भोपळ्याची वेगळी, बोकडाची वेगळी. ती कधी तिकडं गेली नाही आणि तिकडची कधी इकडं आली नाही. हे त्यांना आमच्यापैकी कोणी सांगितलं नव्हतं.

* * *

शोभाकाकूची सून प्रियांका रांजणगावच्या एका कंपनीत ऑफिसात आहे. एका वर्षी कंपनीत निघालं 'ऑटम फेस्टिव्हल'! परदेशातले साहेब आलेले. त्यांच्याकडं या दिवसांत म्हणे भोपळा कोरतात, त्याला डोळे, नाक, दात काढतात आणि आत दिवा लावतात. तर भोपळा कोरायची कॉम्पिटिशन. घरचं एक माणूस बरोबर आणलं तरी चालेल.

शोभाकाकूनं सुनेला भोपळा दिला, पण वर बजावलं, "काय कोरायचं ते कोर, पहिली सुरी तू लावायची न्हाई. मामांना घिऊन जा."

प्रियांका सकाळीच कामावर गेली आणि मामांना मागनं बोलावून घेतलं. मामा पांढरे कपडे, टोपी, पिशवीत भोपळ्याची सुरी. गेटवरच्या सिक्युरिटीनं पिशवी उघडली आणि त्याला घामच फुटला! साहेबापर्यंत फोन गेले. शेवटी प्रियांका धावत गेटवर आली तेव्हा कुठं मामा आत.

एसी हॉल. टेबलाटेबलावर भोपळे. शिट्टी वाजली. सगळ्यांनी आपापलं पेन्सिलनं डोळे-नाक काढायला सुरुवात केली. प्रियांका पेन्सिल शोधायला पर्समध्ये वाकली आणि मान वर करेपर्यंत मामांनी "बिस्मिल्ला" म्हणून भोपळा दोन फाका करून ठेवलेला!

"मामा! अहो, चेहरा कोरायचा होता!"

मामा शांतपणे सुरी पुसत म्हणाले, "खायच्या जिनसाला त्वांड कशाला? त्वांड आपल्याला हाय की!"

परदेशी साहेबाला कोणीतरी इंग्लिशमध्ये सांगितलं. तो इतका हसला की त्यानं मामांना खास बक्षीस म्हणून स्टीलची बाटली दिली.

पण मामा आले ते नाराजच. बाकीच्या भोपळ्यांतला सगळा गर काढून कचऱ्याच्या बादलीत चालला होता. मामांनी तो मागून घेतला आणि कंपनीच्या बसमधनं गोणीभर गर आळीत आणला. आम्ही सगळ्यांनी मिळून घाऱ्या केल्या. ओट्यावर एवढी माणसं पुन्हा काही बसली नाहीत. तेव्हा वाटलं होतं, हे काय, दरवर्षीचंच आहे. कुठलं आलंय दरवर्षीचं!

* * *

आता आक्का. गिरणीच्या समोरचं घर, दारात गोठा, गोठ्याच्या पत्र्यावर भोपळ्याचा वेल. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा, संदीप. बाप गेला त्या वर्षी हा दहावीला. दसरा आला तेव्हा चुलत्यांपैकी कोणीतरी भोपळा चिरायला पुढं झालं. आक्कानं सुरी त्यांच्या हातातनं घेतली आणि संदीपच्या हातात दिली. "आता घरातला थोरला ह्यो," म्हणाली. पोरानं दोन्ही हातांनी सुरी धरून चिरा दिला. मग आत जाऊन रडला, आणि रडून झाल्यावर भरपूर घाऱ्या खाल्ल्या.

तेव्हापासून आक्काच्या वेलावरचा सगळ्यात मोठा भोपळा दसऱ्याला संदीपचा. आळीतले बाकीचे भोपळे मामा चिरायचे, आक्काच्या घरातला तो एक सोडून.

संदीप पाबळला टेक्निकल शिकला, पुण्यात लागला, आता खराडीच्या कंपनीत आहे आणि वाघोलीला फ्लॅटमध्ये राहतो. जर्मनीला असता तर वर्षातनं एकदा तरी तिकीट काढून आला असता. वाघोलीला आहे, म्हणून येत नाही! "जवळच तर आहे, कधीपण येतो" या एका वाक्यावर त्याचे दसरे गेले. आणि जो दसरा ठरवून निघायचा, त्या दिवशी वाघोलीत ट्रॅफिक.

आक्का एकदा गिरणीत येऊन मला म्हणाली, "वहिनी, त्या ट्रॅफिकच्या हातापाया पडून येऊ का गं एकदा? म्हनावं, एक दिस सोड माझ्या पोराला."

आम्ही हसलो. तीही हसली. पण ज्या वर्षी संदीप यायचा नाही, त्या वर्षी तो भोपळा चिरला जायचा नाही आणि आक्काच्या घरात घाऱ्या व्हायच्या नाहीत. आम्ही आमच्या घरातल्या नेऊन द्यायचो. ती ताटली ठेवून घ्यायची आणि दुपारी आमच्याच पोरांना वाटून टाकायची. माझ्या पोरानंच मला सांगितलं म्हणून कळलं.

* * *

न चिरलेला तो भोपळा आक्काच्या माळ्यावर बसून राहायचा. दिवाळी जायची, संक्रांत जायची, हा आपला बसलेला. शिमग्याच्या सुमाराला आपोआप मऊ पडायचा. मग आक्का त्याचं बी धुऊन, राखेत घोळून, वाळवून आळीत वाटायची. बी असं खणखणीत की लावलं आणि उगवलं नाही असं झालं नाही. हळूहळू सगळ्या शिवारात तोच वाण. कवठे येमाईच्या पाव्हण्यांनी नेला, दौंडकडं गेला. आणि लोकांनी त्याला नाव ठेवलं, संदीप!

एकदा आक्का आणि मी शिरूरच्या बाजारात गेलो. एक बाई भोपळ्यांचा ढीग लावून बसलेली. आम्ही कोण ते तिला काय माहीत! ती आपली ओरडतेय, "संदीप घ्या, संदीप! गोड संदीप!"

एका गिऱ्हाइकानं विचारलं, "टिकतो का?"

"अहो, नुसता कोपऱ्यात ठिवा! सहा म्हैने घरातनं हालायचा न्हाई!"

मला हसू आवरेना. आक्कानं एक भोपळा हातात घेतला, वळवून बघितला, परत ठेवला.

"समद्या तालुक्याच्या घरात ऱ्हातो," ती म्हणाली, "आपल्याच घरात तेवढा ऱ्हाईना."

आणि एसटी स्टँडकडं चालायला लागली.

* * *

संदीप वाईट नाही हो. हे मी मुद्दाम सांगते, कारण किस्से सांगताना माणूस उगाच काळा रंगतो. दर दोन दिवसांनी त्याचा मला फोन यायचा. "वहिनी, आई जेवली का? गोळी घेतली का? गुडघा कसाय?"

मी म्हणायची, "अरे, समोर तर घर आहे, देऊ का तिला फोन?"

"नको. ती विचारते, कवा येतोस. मग मला काही सांगता येत नाही."

म्हणजे आईची चौकशी गिरणीत! आणि आक्का काय कमी? ती मला विचारायची, "आज फोन आला व्हता का गं त्याचा? काय म्हनला? खोकला हाय का अजून?" दोघांच्या मधे मी. मोटारीच्या आवाजात मला एकाचं ऐकू यायचं आणि दुसऱ्याला सांगायचं. एवढी माया दोन्हीकडं, आणि मधे एक वाघोली. मला तर कधीकधी दोघांनाही एकेक फटका द्यावासा वाटायचा.

तर एका दसऱ्याला या पठ्ठ्यानं शक्कल काढली. मला म्हणाला, "वहिनी, व्हिडिओ कॉल लावा. मामांना सुरी धरू दे. मी इथनं चिरा म्हणतो, मामांनी चिरायचा. म्हणजे माझाच हात झाला ना?"

मला आपलं वाटलं, चला, या निमित्तानं आक्काच्या घरात घाऱ्या तर होतील. मी मोबाईल धरून उभी. मामा भोपळ्यापुढं बसले, पण सुरीला हात लावीनात. आक्का तोंडाला पदर लावून मोबाईलकडं बघतेय. पडद्यावर संदीप, मागं ऑफिस, गळ्यात आयकार्ड.

"हां आई, सांगू का मामांना?"

आक्का जवळ आली. पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "आन् मी मरताना तोंडात पानी बी मोबाईलमधनंच घालशील का रं?"

रेंज गेली की त्यानंच कट केला, माहीत नाही. मामांनी सुरी पिशवीत ठेवली आणि उठले. त्या वर्षीही भोपळा माळ्यावर गेला.

पुढच्या आठवड्यात वाघोलीहून येणाऱ्या एका गाववाल्याबरोबर संदीपनं पार्सल पाठवलं. भोपळ्याच्या सोललेल्या, चिरलेल्या फोडी, एकसारख्या, प्लास्टिकमध्ये ताणून गुंडाळलेल्या. वर स्टिकर. आक्कानं त्या मामांच्या शेरडापुढं टाकल्या. शेरडानं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"बघा," मामा म्हणाले, "कुनी कापलंय ते ठावं नसंल तर शेरडूबी खाईना."

* * *

भोंडला आमच्याकडं पूर्वी दिवेलागणीला व्हायचा. आता उसात बिबट्या आहे, म्हणून दुपारी चारला! पाटावर हत्ती काढायचा, भोवती पोरींनी फेर धरायचा, आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा झाकलेला. पोरींनी हलवून, आवाज ऐकून सांगायचं आत काय आहे. ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. आजकालच्या पोरी पहिलं उत्तर काय देतात? "मोमो!"

दसऱ्याला शेवटचा मान आक्काचा. संदीप येणार असला की तिच्या डब्यात घाऱ्याच असणार हे सगळ्यांना ठाऊक. तरी पोरी तिला बरं वाटावं म्हणून उगाच लाडू, करंजी, शंकरपाळी म्हणत बसायच्या.

एका दसऱ्याला संदीपचा सकाळीच फोन, निघालो म्हणून. आक्कानं गहू माझ्याकडनं जाडसर दळून नेला, गूळ चिरला, वेलची कुटली. दुपारी फोन, शिक्रापूरला आलो. आक्कानं कढई चुलीवर ठेवली आणि डबा घासून, पुसून फेरात आणून ठेवला, आता येईल, आता भरते म्हणून.

फेर झाला. गाणी संपली. पोरींनी डबा हलवला. आवाजच नाही.

"घाऱ्या!" सगळ्या एकदम ओरडल्या.

आक्का म्हणाली, "न्हाई."

"लाडू! करंजी!"

"न्हाई."

इकडं माझा फोन वाजला. शिक्रापूरहून संदीप माघारी फिरला होता. कंपनीतनं बोलावणं आलेलं. मी आक्काकडं बघून नकाराची मान हलवली. तिला कळलं.

पोरी अजून ओळखतच होत्या. ऊन उतरलं, आया बिबट्याच्या भीतीनं पोरींना हाका मारायला लागल्या. शेवटी शोभाकाकूच्या नातीनं डबा उचलला, कानाशी नेला आणि म्हणाली, "आजी, यात काहीच नाहीये का?"

आक्कानं तिच्या गालावरनं हात फिरवला. "बराबर वळखलंस गं बाई."

आणि झाकण उघडून दाखवलं. मग आतनं मूठभर साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली. माणूस शिक्रापूरपर्यंत येतो आणि परत जातो, याची मला आज सुद्धा हळहळ वाटते. अजून थोडंसं तर राहिलं होतं.

* * *

आणि आता गेल्या दसऱ्याचा. हा मी फार कोणाला सांगत नाही.

मुलाणीमामांना दिसायला कमी झालं होतं. गुडघेही गेले. त्यांचा मुलगा दौंडला रेल्वेत आहे, तो किती दिवस मागं लागला होता, "अब्बा, चला आता." मामांनी शेरडं विकली. ठरलं असं, की दसरा करायचा, आळीतले भोपळे चिरायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दौंडला जायचं, कायमचं.

आळीत सगळ्यांच्या मनात एकच. आता आमचे भोपळे चिरणार कोण? शोभाकाकू सुद्धा चार दिवस हळू आवाजात बोलत होती, यावरनं समजा.

त्या वर्षी आक्काचा भोपळा असा आला होता की पत्र्यावरनं खाली काढायला दोन माणसं लागली. संदीपनं रजा टाकली होती. "वहिनी, या वेळी काहीपण होऊ दे, येणार म्हणजे येणार. आईला सांगा." मी सांगितलं. आक्कानं दारापुढं सडा घातला, रांगोळी काढली, झेंडूचं तोरण स्वतः ओवलं.

मामांनी सकाळपासून घराघरात जाऊन भोपळे चिरले. हळूहळू, हातानं चाचपून. प्रत्येक घरात बायांनी त्यांच्या पाया पडून घेतलं. संध्याकाळ झाली, लोक सीमोल्लंघन करून आले, एकमेकांना सोनं दिलं. आक्काच्या ओट्यावर भोपळा तसाच.

दिवे लागले तेव्हा फोन आला. या खेपेला त्यानं थेट आक्काला केला.

"आई, गाडी बंद पडली. उद्या सकाळी येतो. शप्पथ."

"बरं," आक्का म्हणाली आणि फोन बंद केला. मग तिनं मामांना हाक मारली. "इब्राहिम, हिकडं ये रं."

मामा आले.

"बस. चिर."

मामा उभेच. "आक्का, त्यो संदीपचा हाय. म्या इतकी वर्सं त्येला हात न्हाई लावला."

"ठावं हाय मला."

"उद्या येतूय म्हनतो पोरगा."

"व्हय, येतूय म्हनतो," आक्का म्हणाली. "आन् तू उद्या चाललास. तू जातो म्हनलास म्हंजी जानार, त्ये मला ठावं हाय. हितनं पुढं ह्या दारात सुरी घिऊन कोन बसनार? माझा गुडघा दुखला तवा शिरूरला कुनी नेलं? पत्रा उडाला तवा वर कोन चढलं? चिर म्हनते ना!"

आम्ही सगळ्या ओट्याखाली उभ्या. मामांनी हात धुतले. किती वेळ धूत होते! मग खाली बसले, भोपळ्यावरनं हात फिरवला, "बिस्मिल्ला" म्हणाले आणि चिरा दिला. आत असा केशरी रंग की शोभाकाकूच्या तोंडनं "अगं बाई!" निघालं.

आक्कानं घाऱ्या केल्या. कोणाला हात लावू दिला नाही. पहिली घारी मामांच्या हातावर. मामा खात होते आणि डोळ्यांतनं पाणी गळत होतं. म्हणाले, "धूर लई झालाय." मी आक्काच्या हातची घारी कैक वर्षांनी खाल्ली. गोडाला काही कमी नव्हतं. कमी दुसरंच होतं.

सकाळी मामांच्या मुलानं पिकअप आणली. एक पेटी, गादी, चार भांडी. आक्कानं घाऱ्यांचा डबा मामांच्या मांडीवर ठेवला. मामांनी पिशवीतनं भोपळ्याची सुरी काढली आणि आक्काच्या हातात दिली. गाडी पुलाकडं वळेपर्यंत आक्का रस्त्यात उभी होती.

मी गिरणी चालू केली आणि पहिला डबा ओतते न् ओतते तोच दारात गाडीचा हॉर्न. बघते तर संदीप! खरंच आला होता. बायको बरोबर, पोरं बरोबर. केस विस्कटलेले, रात्रभर गॅरेजात बसलेला असणार. हातात एक लांबट खोकं. मला बघून ओरडला, "वहिनी, आलो की नाही? ही बघा, खास या भोपळ्यासाठी सुरी आणलीय!"

मी गिरणी बंद केली आणि त्याच्या मागोमाग गेले.

"आई! काढ भोपळा खाली!"

आक्का चुलीपुढं होती. तिनं आधी त्याच्या तोंडावरनं हात फिरवला, बोटं मोडली. नातवंडांना जवळ घेतलं. सुनेला पाट दिला. मग घाऱ्यांची ताटली आणून संदीपपुढं ठेवली.

संदीप ताटलीकडं बघत राहिला. मग त्याची नजर ओट्यावर गेली. तिथं भोपळ्याच्या उरलेल्या दोन फाका होत्या, आणि शेजारी मामांची सुरी.

"आई," त्यानं विचारलं, "कुणी चिरला गं?"

आक्कानं त्याच्या ताटलीत आणखी एक गरम घारी वाढली.

"घरातल्या थोरल्यानं."